दहा वाजून सत्तावीस मिनिटं

गडब, तालुका पेण. बुधवार, २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. माझ्या पुतण्याच्या स्क्वॉडची अंतिम मॅच रात्री दहाला होती आणि दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी ती हातची गेली. पुढचा घटनाक्रम मी तीन गोष्टींवरून लावला आहे: पुतण्याने रेकॉर्ड केलेला स्क्रीन, ज्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा सतत दिसतो, राऊटरमधल्या नोंदी, आणि कोणी काय केव्हा केलं, हे घरातल्या प्रत्येकाला विचारून काढलेल्या वेळा. तो अजूनही म्हणतो, “काका, माझाच हात चुकला असंल.” हात चुकला नव्हता. ते दाखवण्यासाठीच हे लिहितो आहे.

दुपारी ४.०० (उरले सहा तास सत्तावीस मिनिटं)

प्रतिष्ठापना झाली, नैवेद्य झाला, पंगती उठल्या. घर झोपलं आहे. पुतण्या पडवीत बसून सराव करतोय. खेळ बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पिंग ३८. म्हणजे त्याने बोट दाबल्याची खबर गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला ३८ मिलिसेकंद लागतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा शंभर किलोमीटर पार करायला त्याला अर्धा मिलिसेकंद पुरतो. गडब मुंबईपासून लांब आहे म्हणून खेळ अडकतो, ही समजूत इथेच निकालात निघते. अंतर हा गडबच्या पोराचा शत्रू नाही.

बारावीतला मुलगा. स्क्वॉडमधले बाकीचे तिघे पेण, नागोठणे आणि रोह्याचे. प्रत्यक्षात ते फार तर दोन-तीनदा एकत्र भेटले असतील. ओळख झाली ती हेडफोनमधून. ही मॅच रायगडातल्या मुलांनीच भरवलेली. प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही, एक चषक आणि नाव. हे मुद्दाम सांगतो, कारण पाचच दिवसांपूर्वी, २२ ऑगस्टला, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती आणि दादाला वाटत होतं की आता सगळेच खेळ बंद. बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, त्यांत बीजीएमआयच्याच जातकुळीचा एक खेळ होता. पोरगं जुगार खेळत नव्हतं, एवढं त्याच्या बापाला पटलं ते त्या दुपारी.

सायंकाळी ६.१५

घरात एकच जोडणी. गावातल्या केबलवाल्याचं फायबर, ५० एमबीपीएसचा प्लॅन, माजघराच्या दारावर खिळ्याला टांगलेला पांढरा डबा. एरवी त्यावर पाच फोन आणि एक टीव्ही. आज ठाण्याहून, उलव्याहून, पनवेलहून सगळे आलेत. वायफायचा पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून मखराशेजारी लावला आहे, कारण सारखं कोण सांगत बसणार. राऊटरच्या यादीत या वेळी १९ उपकरणं दिसतात.

१९ हा आकडा स्वतःहून धोक्याचा नाही. जोडलेला फोन नुसता पडून असेल तर तो जवळजवळ काहीच घेत नाही. आणि खेळाला लागतंच किती? तासभर गेम खेळायला लागणारा डेटा तासभर चांगल्या प्रतीचा व्हिडिओ बघायला लागणाऱ्या डेटापुढे नगण्य असतो. खेळाला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते वेळेवर लागतं.

सायंकाळी ७.३०

आरती. झांजा, टाळ, पोरांचा गोंगाट, शेवटी मंत्रपुष्पांजली. निदान पाच जण उभे राहून अख्खी आरती फोनमध्ये घेतायत. दुबईतल्या भाचीला दाखवायची आहे, अंथरुणाला खिळलेल्या आत्याला दाखवायची आहे. एकेक व्हिडिओ सव्वा जीबीच्या घरात.

याच वेळी ठिणगी पडली, फक्त ती कोणाला दिसली नाही. कंपन्या ५० एमबीपीएस म्हणतात तेव्हा ते खाली येणाऱ्या माहितीबद्दल बोलत असतात. या घरातून वर जायचा वेग १० एमबीपीएस आहे. सव्वा जीबी म्हणजे साधारण दहा हजार मेगाबिट. सेकंदाला दहा या हिशेबाने एक व्हिडिओ वर जायला एक हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांना थोडीच कमी. असे पाच व्हिडिओ, आणि त्यांच्या मागे दिवसभरातले शेकडो फोटो.

रात्री ८.१०

पहिली खूण. आजी टीव्हीसमोर बसली आणि चित्र गोल फिरायला लागलं. “नेट गेला का रं? मना सीरियल बगाची हाय.” उलव्याच्या चुलतभावाने तेवढ्यात भाचीला व्हिडिओ पाठवायला घेतला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण घरोघरी गोंधळ होतो तो हिच्यामुळेच. टीव्ही खाली येणारी माहिती घेतोय, भाऊ वर पाठवतोय, मग दोघांची टक्कर कशी? टीव्हीला चित्राचा प्रत्येक तुकडा मिळाला की तो ‘मिळाला’ अशी छोटी पोच वर पाठवतो. ती पोच व्हिडिओच्या मागे रांगेत अडकली, की पलीकडचा सर्व्हर समजतो तुकडे पोचत नाहीयेत, आणि हात आखडता घेतो. वर जायची वाट तुंबली की खाली यायची वाटही मोकळी असून रिकामी राहते.

पुतण्याने स्पीड टेस्ट लावली: डाउनलोड ११. मग थोड्या वेळाने ४६. तो गोंधळला, आणि बरोबरच आहे. स्पीड टेस्ट एका क्षणाचा वेग सांगते. रांगेत उभं राहायला किती वेळ लागतो हे सांगायला ती बहुतेकदा विसरते.

रात्री ८.४०

घराघरातला रामबाण उपाय: डबा बंद करून चालू. दोन मिनिटांनी पिंग ३९. सगळे खूश.

अर्थात ३९. बंद केल्यावर भावाचा व्हिडिओ अर्ध्यात तुटला आणि रांग रिकामी झाली. आजार गेला नव्हता, रोग्याला फक्त झोप लागली होती. या खोट्या यशाने सगळ्यात जास्त नुकसान केलं, कारण इथून पुढे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की नेट सुधारलं.

रात्री ९.०५

मी तेव्हा शेजारच्या आळीत दर्शनाला गेलो होतो. दादाने केबलवाल्याला फोन लावला. पोराच्या मॅचसाठी दादाने स्वतःहून फोन लावला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पलीकडून उत्तर आलं: घरात माणसं वाढलीत, १०० चा प्लॅन घ्या. दादाने तिथल्या तिथे पैसे पाठवले आणि दहा मिनिटांत प्लॅन बदललाही. स्पीड टेस्ट: डाउनलोड ९४.

अपलोड? १०. होता तिथेच.

केबलवाला फसवत नव्हता. सगळीकडे हेच सांगितलं जातं आणि हेच विकलं जातं. जाहिरातीत एकच आकडा असतो. सरकारी व्याख्येतही तेच: २०२३ च्या जानेवारीत केंद्राने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, ती डाउनलोडची. वर जायच्या वेगाबद्दल आणि भरल्या घरात पिंग किती राहील याबद्दल गिऱ्हाइकाला फारसं कोणी शब्द देत नाही. माझ्या मते बिलावर छापायला हवेत असे आकडे हे दोन आहेत. तोवर दादासारखी माणसं चुकीच्या औषधाला पैसे मोजत राहणार.

रात्री ९.४५

ग्रुपवर रूम आयडी आणि पासवर्ड आला. पुतण्या माळ्यावर गेला. तिथे वायफाय कमी पोचतं, म्हणून पुन्हा खाली येऊन राऊटरच्या खोलीला लागून असलेल्या कोपऱ्यात बसला. हा निर्णय अचूक होता. भिंती जाड आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो. ज्याच्या हातात होतं तेवढं त्याने सगळं केलं: बॅटरी भरली, बाकीची अॅप बंद केली, जागा बदलली.

रात्री १०.००

मॅच सुरू. पिंग ३७, ३८, ४१. रोह्याचा पोरगा मजेत आहे, पेणवाला पुढचा झोन कुठे पडेल ते सांगतोय.

पडवीत चटया पसरल्या, पत्त्यांचा डाव मांडला. जागरण आहे.

रात्री १०.१२

दिवसभर फोटो काढून सगळ्यांचे फोन मरायला टेकलेले. वहिनीने मागच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड काढून दिला. एकामागून एक सहा फोन चार्जिंगला लागले, पडदे काळे झाले, माणसं पत्ते पिसायला निघून गेली.

फोनच्या दृष्टीने ही आदर्श घडी आहे. वायफाय आहे, चार्जर आहे, मालक झोपला असावा. फोटो-व्हिडिओंचा बॅकअप घेण्यासाठी बरेच फोन नेमकी हीच वाट बघत असतात.

रात्री १०.१४

पिंग ६२. मग ११०. हिरवा आकडा पिवळा झाला.

सहा फोन एकाच वेळी १० एमबीपीएसच्या वाटेवर आले. आता डब्याच्या आत काय चाललंय ते सांगतो. बाहेर जायच्या तोंडाशी राऊटर थोडी जागा राखून ठेवतो, तिला बफर म्हणतात. एकदम आलेली गर्दी तिथे थांबते. या डब्यातली जागा, नंतर दिसलेल्या पिंगवरून उलटा हिशेब केला तर, साधारण एक मेगाबाइट. आठ मेगाबिट भरले आणि सेकंदाला दहाच बाहेर पडतात, म्हणजे शेवटी उभ्या असलेल्याला ०.८ सेकंद, आठशे मिलिसेकंद, थांबावं लागतं. वडखळ नाक्यावर गणपतीतल्या वाहतूककोंडीत अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाने हे अंगावर काढलं आहे: नाक्याच्या पुढे रस्ता मोकळा असतो, तुमची मोटारसायकल काही मिनिटांत गडबला पोचली असती, पण तुमच्या पुढे ट्रकांची रांग आहे. नाक्याआधी आणखी एक मैदान ट्रक उभे करायला दिलं तर रांग कमी होत नाही, लांबते.

तरी फोन थांबत का नाहीत? याचं उत्तर ऑक्टोबर १९८६ मध्ये आहे. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर; त्या दुव्याचा वेग ३२ हजार बिटवरून सेकंदाला ४० बिटवर कोसळला. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरच्या दोन संस्था, आणि सेकंदाला पाच अक्षरं. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरल्स यांनी कारण शोधलं: गर्दी झाली की यंत्रं मागे सरत नव्हती, तेच तेच पुन्हा पाठवत होती. १९८८ मध्ये जेकबसनने मांडलेला उपाय आजही प्रत्येक फोनमध्ये आहे. पाठवलेलं एखादं पाकीट हरवलं तर तो इशारा समजायचा आणि वेग कमी करायचा. पण पुढे मेमरी स्वस्त झाली, राऊटर बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले, पाकिटं लवकर हरवेनाशी झाली. इशारा वेळेवर मिळेना. वहिनीच्या बोर्डावरचे सहा फोन मुजोर नव्हते. पुढे गर्दी आहे हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलंच नाही.

रात्री १०.१९

पिंग ४३०, लाल. पुतण्या ओरडला, “लॅग मारतंय!” पत्त्यांच्या डावातून कोणीतरी म्हणालं, “आत्ताच तर शंभरचा प्लॅन घेतला ना!”

त्याच्याकडे अजून एक वाट होती: वायफाय सोडून मोबाइल डेटावर जाणं. त्याने सेकंदभर विचार केला असणार, कारण रेकॉर्डिंगमध्ये बोट वरच्या पट्टीपर्यंत गेलेलं दिसतं. पण जोडणी बदलली की खेळ तुटतो, पुन्हा आत यायला काही सेकंद जातात, आणि समोर दोन स्क्वॉड होते. तो थांबला. मीही थांबलो असतो.

रात्री १०.२४

शेवटचा झोन. चार स्क्वॉड उरलेत. पिंग ७९० ते ८५०.

या आकड्याचा अर्थ असा: जोरात पळणारा माणूस पाऊण सेकंदात चार-पाच मीटर पुढे जातो. झाडामागे दिसणारा शत्रू आता झाडामागे नाही. पुतण्याने स्मोक टाकला, तो पडेपर्यंत नागोठण्याचा पोरगा नॉक झाला होता. पुतण्या त्याला उठवायला धावला; त्याच्या पडद्यावर तो दगडाआड पोचला होता, सर्व्हरच्या हिशेबाने अजून उघड्यावर होता.

रात्री १०.२७

गोळीचा आवाज ऐकू येण्याआधी पडदा करडा झाला. तीन सेकंदांनी उरलेले दोघेही गेले. चौथा क्रमांक. हेडफोनमध्ये कोणीही काही बोललं नाही, मग पेणचा पोरगा म्हणाला, “असू दे रे, नेट गंडलं तुझं.”

पुतण्या फोन उपडा ठेवून देवासमोर जाऊन बसला.

रात्री १०.५०

मी परत आलो, त्याने सांगितलं, आणि आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. मोजणी अगदी साधी आहे, कोणालाही करता येईल. आधी राऊटरलाच पिंग केलं: ३ मिलिसेकंद. म्हणजे वायफाय, भिंती, कोपरा, सगळं निर्दोष. मग त्याच वेळी बाहेरच्या पत्त्याला, ८.८.८.८ ला: ८४०. म्हणजे अडचण डब्याच्या बाहेर जायच्या तोंडाशी. आता मी मागच्या खोलीत जाऊन बोर्डाचं बटण बंद केलं आणि सहाही फोन एअरप्लेन मोडवर टाकले. पुतण्या आकडे मोठ्याने वाचत होता: आठशे वीस, पाचशे, दोनशे दहा, एक्केचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस.

दादा दारात उभा राहून ऐकत होता. “म्हणजे शंभरचा प्लॅन फुकट गेला?” आजीच्या सीरियलसाठी नाही गेला, मी म्हणालो, पण याच्यासाठी गेला. वहिनीला वाईट वाटू नये म्हणून पोरगं पुन्हा पुन्हा सांगत होतं, “काकी, तुमचा काय दोष, चार्जिंग लावायचंच ना.” वहिनी त्याची आई, घाबरून तो तिलाही काकी म्हणून गेला, आणि ती त्याला जवळ घेऊन बसली.

गुरुवार, सकाळी ९.००

केबलवाल्याच्या डब्यात फारशा सोयी नाहीत, पण एक होती: पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय आणि त्याला वेगाची मर्यादा. पाहुण्यांच्या वायफायला वर जायला ६ एमबीपीएसची हद्द घातली. मखराशेजारचा पुठ्ठा बदलला, नवं नाव आणि नवा पासवर्ड लिहिला. घरातले फोन आणि पुतण्याचा फोन जुन्या नावावर. घरच्यांचा बॅकअप पहाटेपुरता. मग सगळ्या पाहुण्यांना मुद्दाम व्हिडिओ वर टाकायला सांगितलं आणि मोजलं. पिंग ४६. व्हिडिओ जायला वेळ जास्त लागला, पण भाचीला आरती नऊऐवजी साडेनऊला मिळाली तर तिचं काही बिघडत नाही.

हा तात्पुरता बांध आहे. खरा इलाज रांगेतच शिस्त आणण्याचा. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवर हीच दुखणी मोजली आणि जगापुढे मांडली. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तोच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत दिली: रांगेत पाकीट पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतंय आणि ते काही केल्या कमी होत नाहीये असं दिसलं, की एखादं पाकीट मुद्दाम टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा पोचतो. तिच्यापुढची एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी करते, त्यामुळे खेळाचं छोटं पाकीट व्हिडिओच्या मागे उभं राहतच नाही. हे काम पुढे नेणाऱ्यांत डेव्ह टाट होते. त्यांनी आणि सोबत्यांनी हे सगळं मोफत वाटलं, कोणत्याही घराने साध्या राऊटरवर चालवावं म्हणून. ते २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांचं नाव गडबमध्ये कोणाला ठाऊक असायचं कारण नाही, पण पुतण्याला मी ते सांगितलं, कारण त्याच्यासारख्या पोरांसाठीच त्या माणसाने वर्षानुवर्षं खपून हे केलं.

माझ्याकडे पनवेलच्या घरी ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणारा एक राऊटर पडून आहे, तिच्यात एफक्यू-कोडेल आहे. तो आणून केबलवाल्याच्या डब्यामागे लावायचा, अपलोडची हद्द साडेआठ आणि डाउनलोडची पंच्याऐंशी ठेवायची. थोडा वेग सोडायचा तो मुद्दाम, म्हणजे रांग डब्यात न साचता या नव्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे शिस्त आहे. दादाने विचारलं, थोडा वेग सोडून पोराचं काम होतं का? होतं. मग लाव, म्हणाला.

गौरी १ सप्टेंबरला जेवतील, त्याआधी राऊटर बसवायचं ठरलं आहे. रोह्याच्या पोराच्या घरीही १० चाच अपलोड आहे आणि तिथेही पाहुणे आलेत, तर पाहुण्यांचं वायफाय वेगळं कसं करायचं ते पुतण्या आत्ता त्याला फोनवर सांगतोय.